उजवी कड

तीनशेबारावा फोटो भिंतीवर चिकटला आणि अक्काने, कुणाचं आपल्याकडे लक्ष नाही असं पाहून, त्यात स्वतःला शोधलं.

नव्हती. आधीच्या तीनशे अकरांत नव्हती, तशी याही फोटोत नव्हती. होता तो तिचा भाऊ, ज्याला तिने त्याच्या वयाच्या नवव्या वर्षापासून आईच्या जागी राहून वाढवलं. होती त्याची बायको. होती त्यांची सहा वर्षांची लेक, जिला घरीदारी सगळे टिकली म्हणत, कारण जन्मली तेव्हा ती टिकलीएवढीच होती. चहाचे कप होते, अर्धवट घडी घातलेलं वर्तमानपत्र होतं, आणि टेबलाच्या पायाला अंग घासणारं शेजाऱ्यांचं मांजरसुद्धा होतं... मांजर! परक्या घरचं ते मांजर या भिंतीवर आजवर चौदा वेळा आलं होतं, अक्काने ते नीट मोजलं होतं. आणि जिने हे घर स्वतःच्या हाडांची काडं करून उभं केलं, तिला एवढ्या मोठ्या भिंतीवर तळहाताएवढी जागा नव्हती.

"छान आलाय," ती तोंडदेखलं म्हणाली आणि वाळलेल्या कपड्यांचा ढीग उचलून आत निघून गेली. धाकटी, म्हणजे तिची भावजय, तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली.

या फोटोंचं खूळ धाकटीच्याच डोक्यातलं. वर्षापूर्वी तिची आई गेली. माहेराहून परतल्यावर ती कितीतरी दिवस मुकी झाल्यासारखी वावरत होती, आणि एके सकाळी चहा घेता घेता एकदम म्हणाली होती, "आईचे फोटो पुष्कळ आहेत. सगळे समारंभातले, समोर बघून हसणारे. पण ती चहा गाळताना कशी उभी राहायची, ते मला आठवतच नाही." दुसऱ्या दिवशी तिने टेबलासमोरच्या कपाटावर चहापत्तीच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केला. रोज सकाळी सात चाळीसला एक फोटो, वर्षभर. बटण दाबायचं, दहा सेकंदांत खुर्चीवर येऊन बसायचं. कुणी केस नीट करायचे नाहीत, कुणी पसारा आवरायचा नाही, मोबाइलकडे बघायचं नाही. जसं आहे तसं.

आता खरं सांगायचं तर, अशा कल्पनेवर नाक मुरडण्याचा अधिकार त्या घरात कुणाला असेल तर तो अक्कालाच होता. सव्वीस वर्षं ती एका फोटो स्टुडिओत काम करत होती. गावातल्या निम्म्या लोकांचे मस, व्रण आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं तिने आपल्या हातांनी पुसली होती. स्टुडिओत खुंटीवर एकच कोट आणि एकच टाय होता. तोच कोट घालून गावातले तीन पिढ्यांचे पुरुष पासपोर्टवर रुबाबदार झाले होते. ज्यांना तो व्हायचा नाही, त्यांना ती तोच कोट संगणकावर चढवायची. भांडण झालं की जावयाला फोटोतून काढायची, समेट झाला की परत बसवायची. मालक म्हणायचे, "आपल्या अक्काचा हात लागला की भूतसुद्धा देखणं दिसेल."

पण अक्काला लोकांचे व्रण पुसायचे नव्हते कधीच. तिला फोटो काढायचे होते! बाविसाव्या वर्षी एका मोठ्या छायाचित्रकाराने तिने काढलेले फोटो पाहून तिला मोठ्या शहरात मदतनीस म्हणून बोलावलं होतं. पत्र आलं, आणि त्याच महिन्यात आई अंथरुणाला खिळली ती उठलीच नाही. वडील तर आधीच गेले होते. नऊ वर्षांचा भाऊ दाराच्या चौकटीला धरून उभा होता, ताप आल्यासारखे डोळे करून... त्या डोळ्यांकडे पाहून तिने पत्राला नकार कळवला, कॅमेरा कापडी पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला आणि कोपऱ्यावरच्या स्टुडिओत जाऊन फोटोतले डाग पुसायच्या, टचिंगच्या टेबलाशी बसली. त्या दिवसाबद्दल ती कुणाशी कधी एक अक्षर बोलली नव्हती. त्याग बोलून दाखवला की त्याचा बाजार होतो, असं तिचं मत होतं. मात्र न बोललेलं दुःख आतल्या आत आंबतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि आता ही कालची पोर, जिला प्रकाश कुठून येतो याचा पत्ता नाही, मोबाइल डब्याला टेकवते काय, आणि सगळं गाव भिंत बघायला येतं काय!

फोटो छापायचे मात्र अक्काच्याच स्टुडिओत. पहिल्या आठवड्याचे सात फोटो पेनड्राइव्हवर घालून देताना धाकटी संकोचून म्हणाली होती, "अक्का, भिंतीवर मावतील असे छापाल? आकार तुम्हीच ठरवा, तुम्हाला त्यातलं कळतं." अक्काने ठरवला. कपाटाच्या तळाशी चौकोनी कागदाचा जुना गठ्ठा पडून होता, कुणी मागत नव्हतं. याच्यावरच छापू, असं म्हणून तिने मशीनला एकदा सांगून ठेवलं: मधला चौकोन घे, बाकीचं सोड. त्यानंतर दर शनिवारी ती पेनड्राइव्ह लावायची, 'नवे सगळे' म्हणून बटण दाबायची, पडद्याकडे पाठ करायची आणि बाहेर आलेले फोटो पालथेच पाकिटात घालायची. बघायची इच्छा नव्हती असं नाही. बघितले तर आवडतील, अशी भीती होती.

घरी भिंतीवर मात्र ते बघावेच लागत. आणि बघितले की ती त्यात स्वतःला शोधायची. सकाळी सात चाळीसला अक्का कुठे असायची? तिथेच तर असायची, टेबलापासून चार पावलांवर, ओट्याशी उभी, सगळ्यांचे डबे भरत. टेबलाला खुर्च्या चार. तिघांच्या तीन, आणि चौथीवर टिकलीचं दप्तर बसायचं. ते दप्तर उचलून खाली ठेवावं असं ना कधी कुणाला सुचलं, ना अक्काने सुचवलं. म्हणजे धाकटीने मोबाइल मुद्दामच असा उभा केला असणार, की चौकट टेबलापाशी संपावी आणि ओटा बाहेर राहावा! एका फोटोत उजव्या कडेला अक्काच्या कोपराचा तुकडा आला होता. दुसऱ्या एकात किटलीच्या कानावर तिची दोन बोटं होती. बाकीची बाई कापलेली. ती दोन बोटं बघून अक्काला रात्रभर झोप लागली नव्हती.

शिवाय तिच्यातल्या जाणकाराला आणखी एक गोष्ट खुपायची. बहुतेक फोटोंत तिघंही उजवीकडे, चौकटीबाहेर बघत असायचे. भाऊ काहीतरी विचारतोय, टिकली तोंडात घास घेऊन हसतेय, धाकटी हनुवटीला हात लावून बघतेय... सगळे उजवीकडे. 'भिंतीवरचं घड्याळ बघत असतील,' अक्का मनात म्हणायची. 'एवढा साधा नियम कळू नये? नजर चौकटीबाहेर गेली की फोटो मेला.'

टिकली एकदा मोबाइल घेऊन मांडीत शिरली होती. "आत्या, बघ ना, यात तू..."

"चष्मा नाही गं माझ्याजवळ," अक्काने मोबाइल बाजूला सारला. चष्मा तिच्या कपाळावर होता. टिकली पुन्हा काही बोलणार तोच धाकटीने तिला डोळ्यांनी दटावलं, आणि ते दटावणं अक्काने टिपलं. म्हणजे यांचं आपापसांत काहीतरी आहे. माझ्यापासून लपवण्याजोगं काहीतरी आहे... त्या दिवसापासून तिने टिकलीला झोपताना गोष्ट सांगणं बंद केलं. पोरीचा काय दोष होता? पण मत्सर दोष बघून येत नाही.

ठिणगी पडली ती भावाच्या एका वाक्याने. शेजारच्या काकू भिंत बघायला आल्या होत्या, डोळ्यांना पदर लावत होत्या, "माझी मुलं लहान होती तेव्हा असं काही सुचलं असतं तर," म्हणत होत्या. भाऊ बायकोकडे कौतुकाने बघत म्हणाला, "हिने खरं तर फोटोग्राफरच व्हायला हवं होतं. आमच्यापायी राहून गेलं."

अक्काच्या हातातली बशी ओट्यावर जरा जोरात टेकली. एवढंच. पण आत, सव्वीस वर्षं जपून ठेवलेलं काहीतरी त्या आवाजासरशी फुटलं. तिच्याबद्दल हे वाक्य तो कधीही बोलला नव्हता!

"बाळ्या," ती शांतपणे म्हणाली, "स्टुडिओच्या वरची खोली रिकामी आहे. मालक कधीचे म्हणतायत. एक तारखेपासून मी तिथे राहायला जाईन."

काकू चपला शोधू लागल्या. भावाचा चेहरा उतरला. तो म्हणेल 'अक्का, हे काय बोलतेस', तो पाय धरेल, निदान रागावेल तरी... तिने वाट पाहिली. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "तुझी इच्छा असेल तर... मी कसं अडवू?"

झालं. ज्याच्यासाठी जन्म वाहिला, त्याने एका वाक्यात मोकळं केलं. अक्काने ट्रंक काढली आणि फळीवरची कापडी पिशवी, सव्वीस वर्षांच्या धुळीसकट, तिच्यात सगळ्यात खाली ठेवली.

पुढचे दिवस त्या घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. फोटो मात्र चालू होते. सात चाळीस झाले की धाकटी बटण दाबायची आणि खुर्चीवर येऊन बसायची, जणू काही घडलंच नाही. 'मी गेल्यावर हिला ओटाही फोटोत घेता येईल,' अक्का डबे भरता भरता मनात म्हणायची, आणि त्या विचाराने स्वतःचंच काळीज ओरबाडून घ्यायची.

निघायला दोन दिवस उरले, तो शनिवार होता. अक्का चपला घालत असताना धाकटी दाराशी आली. हातात पेनड्राइव्ह होता आणि डोळे सुजलेले होते.

"अक्का, रागावणार नसाल तर एक मागू?"

"बोल."

"यातला परवाचा फोटो मोठा करून द्याल? आणि..." तिने पेनड्राइव्ह पुढे केला. "आणि एवढा एकच, न कापता द्याल? तुम्ही जाणार आहात. घरात एक तरी पुरा असू दे."

अक्काच्या कपाळाची शीर उडाली. सव्वीस वर्षांच्या हाताला ही कालची पोर कापायचं कसं ते शिकवणार! "मशीन कापतं ते बरोबरच कापतं," ती म्हणाली, आणि पेनड्राइव्ह हिसकावल्यासारखा घेऊन निघून गेली.

स्टुडिओत मालक एका गिऱ्हाइकाला कोट घालत होते. अक्का मागच्या खोलीत जाऊन बसली. मोठा फोटो करायचा म्हणजे तो उघडायला लागणार होता, पडद्यावर बघायला लागणार होता. तिने चष्मा डोळ्यांवर ओढला, ओठ घट्ट मिटले आणि फोटो उघडला.

फोटो चौकोनी नव्हता. तो आडवा होता, लांब. मध्ये टेबल होतं, तिघं होते, चौथ्या खुर्चीवर दप्तर होतं. डावीकडे दार होतं. आणि उजवीकडे, खिडकीतून येणाऱ्या उजेडात, एका हातात डब्याचं झाकण आणि दुसऱ्या हाताने कपाळावरची बट मागे सारणारी एक बाई उभी होती. सगळ्या फोटोत उजेड असा तिच्यावरच पडला होता. मालकांनी हजार वेळा शिकवलं होतं, उजेड ज्याच्यावर, फोटो त्याचा.

अक्काला क्षणभर कळलंच नाही, ही कोण.

मग तिने आधीचा फोटो उघडला. त्याच्या आधीचा. मग जुने, मागच्या महिन्यातले, मागच्या ऋतूतले, पार पहिल्या दिवसापर्यंतचे; धाकटीने पेनड्राइव्हमधून एकही पुसला नव्हता. तीनशे अठ्ठेचाळीस फोटो, आणि प्रत्येकात ती होती! दूध ओतताना, भांडं खरवडताना, पाठमोरी, अर्धी वळलेली, टाचा उंचावून डबा काढताना. एकात ती हसत होती, डोळे मिटून, मान मागे टाकून, आणि आपण असं हसतो हे तिला आयुष्यात ठाऊक नव्हतं. अन् टेबलावरचे ते तिघे... त्यांच्या नजरा उजवीकडे होत्या, हे तर ती वर्षभर बघत आली होती. भाऊ काहीतरी विचारत होता तो तिला. टिकली घास घेऊन हसत होती ती तिच्याकडे बघून. आणि धाकटी, दहा सेकंदांत धावत येऊन बसलेली, हनुवटीला हात लावून, आईला बघावं तशी तिच्याकडे बघत होती.

घड्याळाकडे कुणीच बघत नव्हतं.

मशीनला दिलेला तो हुकूम अजून तसाच होता: मधला चौकोन घे, बाकीचं सोड. तिने स्वतः सांगितलेलं. मशीनने इमानाने ऐकलं होतं, दर शनिवारी, सात सात वेळा. जगाच्या कडा कापणाऱ्या बाईला एवढं सुचू नये? काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा. स्वतःच्या हाताने स्वतःला कापलं, आणि कापल्याचा आळ मात्र त्या बिचाऱ्या पोरीवर घेतला... मागच्या खोलीत हुंदका फुटला तेव्हा कोट घातलेलं गिऱ्हाईक दचकलं आणि त्याचा फोटो डोळे मिटलेला आला.

"अक्का?" मालक डोकावले. "मशीन बिघडलं का?"

"नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "मशीन ठीक आहे."

ती दुपारीच घरी आली. धाकटी ओट्याशी उभी होती, अक्काच्या जागेवर, तिला अचानक दारात बघून गांगरली.

"मी कापला नाही," अक्का म्हणाली. हातातला मोठा फोटो तिने पुढे केला. "मी तुला कधी कापून दिलेच नाहीत गं. म्हणजे दिले, पण मला ठाऊक नव्हतं. मी बघितलेच नाहीत. एकदाही नाही."

धाकटीला हळूहळू उमगत गेलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग पालटत गेला. "बघितले नाहीत? अक्का, मला वाटायचं, तुम्हालाच नको आहे. पहिल्या शनिवारी फोटो आले, त्यात तुम्ही नाही. मी यांना म्हटलं, विचारू का? हे म्हणाले, नको. अक्काला आपल्यात राहून पुरे झालं असेल, तिचं सगळं आयुष्य आपण खाल्लं, निदान फोटोत तरी तिला मोकळं राहू दे. टिकली विचारायला लागली, की आत्या स्वतःला का कापते, तर मी तिलाही गप्प केलं."

"बाळ्या असं म्हणाला? आयुष्य खाल्लं म्हणाला?"

"त्यांनी ते पत्र वाचलंय. लहानपणीच. तुमच्या उशीच्या अभ्र्यात सापडलं होतं. तुम्ही जाते म्हणालात त्या रात्री हे न जेवता झोपले. म्हणाले, तिला अडवायचं नाही, नऊ वर्षांचा असताना एकदा अडवलंय, तेवढं पाप पुरे."

अक्का मटकन खुर्चीवर बसली. दप्तर पाठीला टोचलं. "आणि तू? दर आठवड्याला मी तोडून आणत होते, हे बघून काढत का राहिलीस गं?"

धाकटीने मान खाली घातली. "वाटायचं, एखाद्या शनिवारी कापायला विसराल."

अक्काने त्या पोरीला जवळ ओढलं, आणि वर्षभर साचलेलं, सव्वीस वर्षं साचलेलं, सगळं तिच्या खांद्यावर मोकळं केलं. "माझं चुकलं," ती पुनःपुन्हा म्हणत होती, "मी तुझ्यावर जळत होते गं, तुझ्या त्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलवर जळत होते..." धाकटी रडता रडता म्हणाली, "मग उद्या तुम्हीच टेकवा. मला तरी कुठे जमतंय. उजेड कुठून येतो तेही कळत नाही."

"ते तुला कळतं," अक्का म्हणाली. "माझ्यापेक्षा बरं कळतं."

संध्याकाळी भाऊ आला तो दारातच थबकला. ट्रंक उघडी होती, तिच्यातले कपडे परत कपाटात गेले होते, आणि टेबलावर जुना कॅमेरा ठेवून टिकली त्याच्या काचेवर फुंकर मारत होती. अक्का म्हणाली, "हात धुऊन घे." त्याने हात धुतले नाहीत. तो तिथेच बसून नऊ वर्षांच्या पोरासारखा रडला, आणि तिने त्याला रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी सात चाळीसला अक्का सवयीने ओट्याकडे वळली. टिकलीने मुकाट्याने आपलं दप्तर खाली ठेवलं. अक्का म्हणाली नाश्ता राहील, भाऊ म्हणाला राहू दे, धाकटी बटण दाबून धावत आली आणि अक्का बसायला वाकली, एवढ्यात मांजर मधे आलं. दहा सेकंद संपले.

तो तीनशे एकोणपन्नासावा फोटो फारच वाईट आला. अक्का अर्धी बसलेली, भाऊ खुर्ची सरकवताना हललेला, टिकलीचं नुसतं डोकं, ओटा रिकामा आणि मांजर मात्र स्पष्ट. पुढच्या शनिवारी अक्काने मशीनला दिलेला जुना हुकूम पुसला आणि तो फोटो पुरा छापला. आडवा फोटो चौकोनी कागदावर बसेना, वर आणि खाली रुंद पांढऱ्या पट्ट्या राहिल्या. धंद्यात याला खोट म्हणतात.

मालकांनी प्रिंट हातात घेऊन उलटसुलट केला. "अक्का, हे काय? कागद वाया गेला की."

"जाऊ दे," ती म्हणाली, आणि आधीचे तीनशे अठ्ठेचाळीस पुन्हा छापायला घेतले.